विकत आणलेली हरळी

काचेखालचा तो माणूस आडवा पडलेला होता… निदान तसं वाटत होतं. नखाएवढा निळा ठिपका. त्याला दोन पाय असावेत, एक हात बहुतेक वर केलेला. चष्मा घरी राहिल्यामुळे ठिपक्याचा माणूस करायला तिला डोळे बारीक करावे लागत होते, आणि डोळे बारीक केले की बाकीचं सगळं — स्पंजची झाडं, लाल छपरांचे बंगले, पांढऱ्या पुठ्ठ्याचे रस्ते — एकमेकांत मिसळून नुसतं हिरवट, ओलसर काहीतरी व्हायचं, पाणी दिलेल्या वाफ्यासारखं. तिने काच उचलून बाजूला ठेवली आणि बोटाने चाचपून त्या माणसाला उभं केलं. तो पुन्हा पडला. पायाखालचा गोंद सुटला होता. रोज तो त्या निळ्या तुकड्याच्या, म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभा असायचा, हात वर करून, कुणाला तरी बोलावत असल्यासारखा. आणि तो तलाव जिथे होता तिथे —

तिथे विहीर होती. हे तिला रोज सकाळी काच पुसताना एकदा आठवायचं आणि मग दिवसभर आठवायचं नाही. तशी सवय तिने लावून घेतली होती, जशा बाकीच्या सवयी. उठल्यावर आंघोळ, मग फळीवरच्या देवापुढे दिवा, चष्मा काढून बाजूला ठेवून दोन्ही डोळे मिटायचे आणि त्या दिवसापुरता एक नेम मनात धरायचा. मोठा नाही. आज रागवायचं नाही. आज कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. आज दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मोठे नेम मोडतात आणि मोडले की माणूस देवाला तोंड दाखवायला लाजतं, छोटे निभावतात. आजचा नेम होता — कुणाचं मन दुखवायचं नाही. तो धरता धरता बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, ती तशीच धावली, आणि चष्मा दिव्यापाशीच राहिला.

त्या पडलेल्या माणसाला तिने टेबलाच्या खणात ठेवलं. एक माणूस कमी झाला तर कुणाला कळणार होतं.

ऑफिस म्हणजे काचेच्या भिंतींची एकच मोठी खोली. एका बाजूला मॅनेजरचं टेबल, दुसऱ्या बाजूला बंगल्यांच्या वसाहतीचा हा नमुना, मध्ये गिऱ्हाइकांसाठी मऊ खुर्च्या, ज्यांत बसलं की माणसाला लवकर उठवत नाही. तिचं काम सोपं होतं. आलेल्यांना पाणी द्यायचं, हसायचं, नमुना दाखवायचा, मग बाहेर नेऊन हिरवळ, तलाव, तयार झालेला एक बंगला दाखवायचा आणि परत आणून मॅनेजरसमोर बसवायचं. पुढचं बोलणं त्याचं. वयाने तो तिच्या धाकट्या भावासारखा. सेंट इतका मारायचा की तो यायच्या आधी त्याचा वास यायचा आणि गेल्यावरही खुर्चीत बसून राहायचा. पहिल्याच दिवशी त्याने तिला वाक्य शिकवलं होतं.

“इथे पूर्वी काही नव्हतं, मॅडम. नुसता माळ. एवढंच सांगायचं.”

“पण साहेब…”

“गिऱ्हाइकाला मोकळी हवा पाहिजे असते, गाऱ्हाणी नकोत. मागे कुणी आजी येऊन इथे रडली, कुणा जुन्या मालकाची कोण ती. ठरलेलं गिऱ्हाईक उठून गेलं. म्हणालं, उद्या कोर्टाची भानगड नको. तुम्ही गावातल्याच ना? तुमचं कुणी नव्हतं ना इथे?”

“नाही,” ती म्हणाली होती.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण घरी जाताना, रस्ताभर, तिने त्या ‘नाही’ला बसायला एक जागा शोधून काढली. शेताच्या वरच्या अंगाला, विहिरीच्या पलीकडे, एक कोपरा होता. वर बोटभर माती आणि खाली सगळा खडक. तिथे कधी काही उगवलं नाही, औत तिथून वळून जायचं. म्हणजे तेवढा तरी माळच होता. म्हणजे ‘इथे माळ होता’ हे म्हणताना मनात तो कोपरा धरला तर खोटं होत नाही… आणि मग रोज, प्रत्येक गिऱ्हाइकापुढे, ती मनातल्या मनात त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि तिथून बोलायची. देवाला सगळं दिसतं. पण देवाला तो कोपराही दिसतच असणार.

शेत सासऱ्यांचं होतं. आबांचं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला शेतातलं ओ की ठो कळत नव्हतं, माहेर दुकानदाराचं. आबांनी तिला शिकवलं — शिकवलं म्हणजे काय, ते नुसते शेजारच्या ओळीत उकिडवे बसायचे आणि बोलता बोलता हात चालायचा. हरळी त्यांनीच दाखवली. “ही दिसायला गरीब, पोरी. पण हिच्यासारखी चिवट कुणी नाही. वरून ओढलीस तर तुटते आणि आत हसते.” मग खुरप्याचं टोक घालून माती सैल करत करत ते पांढरी मुळी अख्खी बाहेर काढायचे, हातभर लांब, पेराला गाठ. “प्रत्येक गाठ म्हणजे एक नवी हरळी. काढलेली शेतात टाकायची नाही. उपटली की उचलायची, बाहेर न्यायची, दगडावर मुळं वर करून ठेवायची. उन्हाने मेली तरच मेली.” लग्नात बायका तिला म्हणाल्या होत्या, हरळीच्या मुळीसारखा वंश वाढू दे, तिने ते सांगितल्यावर आबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. “माणसांना आशीर्वाद आणि जमिनीला शाप! बाई गं, देव तरी कुणाचं ऐकणार?”

आणि हिरवळ अंथरायची म्हणून पहिला ट्रक इथे आला, चटयांसारखी गुंडाळलेली, पाणी मारलेली ती लांबच लांब गवताची पट्टी उलगडली, तेव्हा तिने वाकून एक काडी ओढली होती आणि पेराची गाठ बघून तिला हसू फुटलं होतं. हरळी! पैसे मोजून हरळी आणली होती लोकांनी. घरी जाऊन तिने हे आबांना सांगितलं, वाटलं तसंच हसतील. आबा हसले नाहीत. “काहीतरीच तुझं,” म्हणाले, “हरळी कोण लावेल?” आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दुपारच्या आधी एक जोडपं आलं. नवरा उंच, सारखा फोन बघणारा. बायको गोरी, हसरी, गॉगल केसांवर चढवलेला. बाई मनापासून चांगली होती, हे तिला लगेच कळलं. पाण्याचा पेला घेताना तिने ‘थँक्यू ताई’ म्हटलं, नुसतं ‘हं’ नाही. नमुन्यावर वाकून तिने विचारलं, “आणि या आधी काय होतं इथे?”

ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. “काही नाही. नुसता माळ होता.”

“बघ,” बाई नवऱ्याला म्हणाली, “मी म्हटलं नव्हतं? कुणाचं काही हिसकावून घेतल्यासारखं मला नको होतं. मनाला लागून राहतं.”

“तुझ्या मनाला सगळंच लागतं,” नवरा फोनमधून म्हणाला.

तिघं बाहेर आली. ऊन चढलं होतं. चष्म्याशिवाय ती हिरवळ तिला एकसंध, डागाशिवाय दिसत होती, एखादी शाल पसरल्यासारखी — आणि त्या शालीवर, तलावाच्या अलीकडे, एक मळकट पांढरं गाठोडं. तिला वाटलं पोतं असेल. मग पोत्याचा हात हलला. हलला आणि मागे गेला, आणि पुन्हा हलला. आणि त्या हलण्यावरून, चेहरा दिसायच्या कितीतरी आधी, तिला कळलं. तो हात तिने लग्न झाल्यापासून शेजारच्या ओळीत बघितला होता.

आबा उकिडवे बसले होते. डोक्याचं फडकं सोडून बाजूला पसरलेलं, आणि त्यावर उपटलेल्या हरळीचा ढीग. समोर हिरवळीत ताटाएवढी जागा भुंडी झाली होती, काळी ओली माती उघडी पडलेली. खुरपं नव्हतं, बोटांनीच चाललं होतं. त्यांना कळतही नसावं. कुणाची तरी वाट बघत बसले असतील आणि हात आपले आपण…

कशाला आले हे? कशाला? आजच? तिच्या मनात आधी काय वर आलं असेल तर राग. इतकी वर्षं अंगणात बसून काढली, आजच पाय फुटले? त्यांचं ते फडकं, तो बाहीचा फाटका काठ, नखांतली माती — बाईच्या पांढऱ्या बुटांपासून दोन हातांवर. आणि गेटवरचा तो पहारेकरी, सगळे त्याला ‘शिट्टी’ म्हणायचे कारण उडत्या कावळ्यावरही तो शिट्टी फुंकायचा, त्याने आज नेमकी शिट्टी फुंकली नाही. फुंकणार कशी? लहानपणी याच विहिरीत पोहायला आबांनीच शिकवलं होतं त्याला.

“हा कोण?” नवऱ्याने विचारलं.

एक क्षण होता. तेवढा नक्की होता; ती नंतर दिवसभर तो क्षण चाचपत राहिली आणि दर वेळी तो आणखी मोठा, आणखी ऐसपैस निघत गेला, त्यात माणूस चालत जाऊन परत येऊ शकला असता इतका. त्यात ‘माझे सासरे’ हे दोन शब्द आरामात मावत होते. मग पुढचं काय ते झालं असतं. बाई चांगली होती…

“माळी आहे इथला,” ती म्हणाली.

आहे. आहेत-सुद्धा नाही.

आबांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही. आधी त्यांनी समोरच्या त्या भुंड्या जागेकडे बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणी केली होती. मग उजवा हात हळूच सदऱ्याच्या खिशावर ठेवला, काहीतरी झाकावं तसा. आणि मग वर.

“अगं बाई, हाताने करता अजून?” बाई पुढे होऊन वाकली. “बाबा, कंबर दुखत नाही?”

“सवय आहे,” आबा म्हणाले.

“माळी गवत लावतो की काढतो?” नवरा हसला. “टक्कल पाडलंय की राव!”

“खराब झालेलं काढायला लागतं,” ती घाईने म्हणाली, “म्हणजे नवीन चांगलं येतं.”

“किती वर्षं आहात इथे, बाबा?”

“बरीच झाली.”

“म्हणजे तुम्हाला माहीत असेल. हे सगळं होण्याआधी काय होतं हो इथे?”

तिने जमिनीकडे बघितलं. तिला ऐकू येत होतं ते फक्त तलावातलं मशीन, पाणी तेच तेच फिरवणारं. आबा खोटं बोलत नाहीत. बाजारात स्वतःच्या मालाचा डाग स्वतः दाखवणारा माणूस. त्यांची दोन्ही मुलं त्यावरून त्यांना हसायची. शेत विकायच्या सह्या झाल्या त्या दिवशीसुद्धा त्यांनी वाद घातला नाही, एवढंच म्हणाले होते, उभं पीक तेवढं काढून घेऊ द्या. आणि समोरचे लोक ‘बघू’ म्हणाले तेव्हा दारात उभी राहून तीच बोलली होती — राहू द्या आबा, किती येणार आहे त्यात? चिखलाला ती कंटाळली होती. खरंच कंटाळली होती. मग यंत्र आलं आणि कंबरेएवढ्या पिकावरून…

“काही नव्हतं,” आबा म्हणाले. “माळ होता सगळा.”

आणि जरा थांबून, तिच्याकडे हात करून, अगदी अदबीने: “या मॅडमना विचारा. त्यांना सगळं ठाऊक आहे.”

बाई हसली. नवरा पुढे चालू लागला. तीही चालू लागली, कारण पाय चालतात. तयार बंगल्यात तिने त्यांना नळ सोडून दाखवले, खिडक्या उघडून दाखवल्या, इथून सूर्य उगवताना दिसतो म्हणाली. परत आली तेव्हा हिरवळीवर कुणी नव्हतं. फडकं नव्हतं, ढीगही नव्हता. काढलेली शेतात टाकायची नाही.

दुपारी मॅनेजर फेरी मारायला गेला आणि ओरडतच आला. “तलावापाशी कुणी उकरलंय? सोन्यासारखी लॉन!”

शिट्टी धावत आला. टोपी काढून उभा राहिला. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

“कुत्रं शिरलं होतं, साहेब.”

“कुत्रं? आणि तू काय करत होतास?”

“हाकललं ना साहेब. गेलं. पुन्हा नाही यायचं.”

ती नमुन्याची काच पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती. कुत्रं. एवढा वेळ तिला वाटत होतं की आपल्याला लाज वाटली ती आबांची — त्या फडक्याची, नखांची, चारचौघांत उकिडवं बसण्याची. आणि ती लाज निदान ओळखीची होती, तिला हात लावता येत होता, सुनेने सासऱ्याची लाज वाटून घ्यावी हे वाईट पण जगात होतं. आता काचेत तिचा स्वतःचा चेहरा उमटला होता, चष्म्याशिवाय पुसट, आणि त्याच्या आरपार लाल छपरं दिसत होती. हे दुसरंच काही होतं. त्यांनी मला बघितलं. दोन माणसांनी आज मला झाकलं, आणि झाकायच्या आधी बघितलं.

तरीही राग धुमसतच होता. घराच्या वाटेवर तिने तो मुद्दाम फुंकून फुंकून जिवंत ठेवला, कारण तो विझला की खाली काय आहे ते तिला ठाऊक होतं. यायला नको होतं त्यांनी. सांगायला हवं एकदा, नीट, न रागावता. आबा, तिकडे येत जाऊ नका. माझी नोकरी आहे. एवढंच.

आबा दाराशी बसले होते. पायरीशेजारच्या धोंड्यावर हरळी ओळीने मांडलेली, मुळं वर, पानं खाली.

“आलीस? चहा ठेवलाय झाकून. गार होईल.”

“आबा…”

“बाई चांगली होती हो ती,” आबा म्हणाले. “घेतील ते बंगला. बघ तू.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून तिने शोधला. वळून वळून शोधला. टोमणा असता तर किती बरं झालं असतं. तिला तो दोन्ही हातांनी झेलता आला असता.

“तुम्ही आज तिकडे… कशाला आला होतात?”

“असंच. पाय मोकळे करायला.” त्यांनी एक मुळी उचलली, नीट पालथी केली, परत ठेवली. “जुनं खोड. फिरतं आपलं.”

ती आत गेली. चहा प्यायली नाही. हातपाय धुतले, तोंड धुतलं, पुन्हा एकदा धुतलं, आणि फळीपुढे येऊन काड्यापेटी उचलली. दिव्यापाशी, सकाळी ठेवला होता अगदी तिथेच, चष्मा होता. दांड्या मिटलेल्या, काचा वर. तिला हायसं वाटलं — दिवसभरात काहीतरी एक जागच्या जागी राहिलं होतं. तिने दिवा लावला, चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि एकदम सगळं लख्ख झालं; देवाचा चेहरा, फळीच्या लाकडाची रेघ न् रेघ, आणि उजव्या काचेच्या कडेला एक काळा डाग.

तिने चष्मा काढून जवळ धरला. दांडीच्या बिजागरीत माती होती. ओली बसलेली आणि मग वाळलेली. आणि तिच्यात अडकलेली एक काडी, केसाएवढी, हिरवी.

खिशावर ठेवलेला तो हात.

ती तशीच उभी राहिली. उन्हातून, तेवढं चालत, गेटवर शिट्टीची विनवणी करून, हिरवळीवर बसून वाट बघितली असणार — पोरगी बाहेर येईल, हातात देऊ, दिसत नसेल तिला. आणि मग पोरगी आली. आणि मग माळ्याच्या खिशातून मॅडमचा चष्मा कसा निघणार? म्हणून तो परत आणला. पुसला असेल, त्यांच्या परीने पुसलाच असेल. आणि जिथून उचलला तिथेच ठेवला, दांड्या मिटून, म्हणजे तिला वाटावं की हा सकाळपासून हललाच नाही. म्हणजे ते कशाला आले होते हे तिला कधी कळू नये.

रागाला आता धरायला काहीच उरलं नाही.

बाहेर जाऊन पायांवर डोकं ठेवावं, सांगावं, मला कळलं आबा. पण सांगितलं की त्यांनी दिवसभर, एवढ्या निगुतीने, जे झाकलं ते मीच उघडं करणार. त्यांच्या हातून तेवढंही काढून घेणार. आणि नाही सांगितलं तर… तर उद्याही मी काच पुसणार, आणि कुणी विचारलं की त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहणार, जिथे आता तेही आहेत, माझ्या शेजारी, उकिडवे, मीच बोलावून आणलेले.

तिने डोळे मिटायचा प्रयत्न केला. आजचा नेम मोडला म्हणून क्षमा मागायची होती. मिटलेल्या डोळ्यांपुढे देव आला नाही, पांढरी हातभर मुळी आली, पेरापेराला गाठ.

“पोरी,” बाहेरून आबांचा आवाज आला, सहज, काही नसल्यासारखा. “चष्मा मिळाला का गं? सकाळी विसरून गेलीस. तिथेच होता बघ दिवसभर.”

दिवा फडफडला. तिने बोटाने ती हिरवी काडी काढायला घेतली आणि काढली नाही.

“हो आबा,” ती म्हणाली, “इथेच होता.”

आवाज तिचाच होता, मऊ, रोजचा. पण हे वाक्य उच्चारताना ती सवयीने त्या कोपऱ्याकडे वळली, आणि तिथे खडक नव्हता. सगळीकडे काळी, ओली माती होती, कालपर्यंत पिकणारी, आणि तिला पाय ठेवायला कुठे जागा नव्हती.